अक्षराने वाकावे की यंत्राने?

'उर्दू' हा शब्द मूळचा तुर्की, आणि त्याचा अर्थ लष्कराचा तळ किंवा छावणी असा आहे. तळाचे नाव धारण करणारी ही भाषा ज्या शहरात विशेष नजाकतीने वाढली, त्या लखनौला इंग्रजी अमदानीत एकामागून एक अशा दोन छावण्या लाभल्या. पहिली मडियांवची. १८५७ च्या उठावात ती उद्ध्वस्त झाली. नंतर इंग्रजांनी शहराच्या आग्नेयेला, दिलकुशाच्या बाजूस नवी छावणी आखली. सरळ रस्ते, ओळीने बराकी, प्रत्येक पलटणीची नेमलेली जागा, अशी तिची रचना होती. त्याच सुमारास, १८५८ मध्ये, मुन्शी नवलकिशोर यांनी लखनौत आपला छापखाना सुरू केला. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. कारण खिळ्यांचा छापखाना हीदेखील एक छावणीच असते. तेथे प्रत्येक अक्षराला आपला खण असतो, एकच उंची असते, एकच गणवेश असतो. हुकूम झाला की अक्षराने रांगेत येऊन उभे राहायचे आणि काम संपले की आपल्या खणात परतायचे. नवल असे की जिचे नावच छावणी, त्या भाषेच्या लिपीने ही कवायत शिकायला शंभर वर्षांहून अधिक काळ नकार दिला.

या नकारातून एक प्रश्न उभा राहतो. वरवर पाहता तो मुद्रणतंत्राचा वाटेल, परंतु त्याचा गाभा नैतिक आहे. लिपी आणि यंत्र यांचे पटेनासे झाले तर वाकायचे कोणी? यंत्राच्या सोयीसाठी अक्षराने आपले रूप बदलावे, की अक्षराला जसेच्या तसे पेलण्याइतके यंत्र समर्थ होईपर्यंत माणसांनी थांबावे? आणि याचा निर्णय करण्याचा अधिकार कोणाचा? आपल्याकडच्या आरंभीच्या सचित्र नियतकालिकांची पाने या प्रश्नाकडे पाहण्यासाठी फार उपयोगी पडतात. ज्यांनी ती पाने घडविली त्यांनी हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या भाषेत कधी मांडला नसेल. पण दर महिन्याला, दर आठवड्याला त्यांना त्याचे काहीतरी उत्तर द्यावेच लागत होते.

लखनौचे उत्तर प्रथम पाहू. नस्तालीक लिपीतील शब्द उजवीकडून डावीकडे जाताना वरून खाली उतरतो. त्यातल्या अक्षराचा आकार शेजारी कोण आहे यावर ठरतो. एकच अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये, अंती आणि निरनिराळ्या संगतीत निरनिराळे दिसते. अशा लिपीचे खिळे पाडण्याचे प्रयत्न कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळापासून झाले. पण वाचकांचे डोळे त्यांना सरावले नाहीत. ते शिळाछापाकडे वळले. शिळाछापात कातिब खळ लावलेल्या कागदावर तेलकट शाईने मजकूर लिहितो. तो कागद दगडावर दाबला की अक्षरे उलटी होऊन दगडावर उतरतात. दगड ओला केला असता ओल्या जागी शाई धरत नाही, फक्त तेलकट रेषांवर धरते. चूक राहिली असेल तर ती दुरुस्त करण्यासाठी 'संगसाज' नावाचा वेगळा कारागीर असे. तो दगडावर प्रत्यक्ष उलटी अक्षरे लिहीत असे, आणि तीही अशी की छापल्यावर कातिबाच्या हातापासून वेगळी ओळखू येऊ नयेत.

नवलकिशोर यांच्या छापखान्याने या पद्धतीने उर्दू, फारसी आणि अरबी ग्रंथांचा प्रचंड साठा लोकांच्या हाती दिला. त्यांच्या 'अवध अखबार'मधून रतननाथ सरशार यांची 'फसाना-ए-आझाद' ही दीर्घ कथा १८७८ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. १८७७ मध्ये मुन्शी सज्जाद हुसेन यांनी लखनौहून 'अवध पंच' हे विनोदी साप्ताहिक काढले. नाव आणि कल्पना लंडनच्या 'पंच'वरून घेतलेली होती, पण पान मात्र लखनौचे होते. अशा शिळाछापाच्या पानावर व्यंगचित्राची रेषा आणि त्याखालच्या ओळीची रेषा एकाच जातीची असते. चित्र हाताने काढलेले, अक्षर हाताने लिहिलेले, आणि दोन्ही एकाच दगडावरून उतरलेली. चित्र आणि शब्द यांच्यात येथे परकेपणा नसतो. युरोपातील खिळाछापाच्या नियतकालिकांना चित्राचा ठोकळा एकीकडे आणि खिळ्यांचा मजकूर दुसरीकडे अशी जी फारकत स्वीकारावी लागली, ती शिळाछापाला ठाऊकच नव्हती. शिवाय ग्रंथाच्या अखेरीस पुष्कळदा कातिबाचे नाव येत असे. ज्याने अक्षर घडविले त्याला पानावर जागा होती.

या चित्राने भुलून जाणे सोपे आहे, म्हणून त्याची किंमतही सांगितली पाहिजे. प्रत्येक पान हाताने लिहायचे म्हणजे ग्रंथाची गती कातिबाच्या बोटांच्या गतीएवढी. दैनिकाची ताजी बातमी त्याच्या लेखणीशी बांधलेली. नवी आवृत्ती काढायची तर बहुधा सगळा ग्रंथ पुन्हा लिहायचा. दगड झिजला की रेषा फुगते आणि शेवटच्या प्रतींचा वाचक पहिल्या प्रतींच्या वाचकापेक्षा गरीब ठरतो. कातिबाचे अक्षर सुंदर असेल तर उत्तमच; पण ते घाईचे आणि गिचमीड असेल तर त्याचा भुर्दंड वाचकाने भरायचा. लिपी वाकली नाही हे खरे. पण तिच्या ताठ कण्याचे ओझे कोणीतरी वाहतच होते. ते ओझे काही अंशी कातिबाच्या डोळ्यांवर होते आणि काही अंशी त्या वाचकावर, ज्याच्यापर्यंत पुस्तक उशिरा पोचले किंवा पोचलेच नाही.

मराठीचे उत्तर वेगळे होते, पण आरंभ मात्र याच दगडावर झाला. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापावर. पुढे खिळ्यांचे युग आले. जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली काम शिकून १८६४ मध्ये स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि त्यातून 'निर्णयसागर' उभा राहिला. त्यांच्या टाइपामागे राणोजी रावजी आरू यांचा हात होता. देवनागरीचा खिळा पाडणे हे सोपे काम नव्हे. ही लिपी तीन मजली आहे. वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. मधल्या मजल्यावर अक्षराचे अंग. खाली उकार आणि ऋकार. त्यात जोडाक्षरांचा संसार. रोमन लिपीचा जुळारी एका जागी उभा राहून काम उरकतो, तेथे देवनागरीच्या जुळाऱ्याला शेकडो खण सांभाळावे लागत. तरीही निर्णयसागरी वळणाने अक्षराची डौलदार जाडी, गोलाई आणि शिरोरेषेचा ठामपणा राखला, आणि ते वळण देशभर गेले.

येथे थोडे थांबून एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण हात आणि यंत्र यांचा विरोध कल्पितो. कातिब म्हणजे हात आणि खिळा म्हणजे यंत्र, असे धरून चालतो. पण खिळा येतो कोठून? पोलादी कांबीच्या टोकावर कोणीतरी कानशीने आणि छिन्नीने अक्षर उलटे कोरतो. ते तांब्यावर ठोकून मातृका होते आणि त्या मातृकेत शिशाचा रस ओतून खिळे निघतात. म्हणजे लाखो खिळ्यांच्या मुळाशी एका माणसाचा हात असतोच. लखनौचा संगसाज आणि मुंबईचा पंच कोरणारा हे दोघेही उलटे अक्षर पाहण्यात आयुष्य घालविणारे कारागीर होते. भेद इतकाच की संगसाजाचा हात एका पानापुरता होता आणि पंच कोरणाऱ्याचा हात असंख्य पानांत पसरून अदृश्य झाला. तेव्हा हात हवा की यंत्र, असा प्रश्न मांडणे बरोबर नाही. हाताने केलेली निवड यंत्रात गेल्यावर तिच्यावर वाचकाचा आणि समाजाचा काही ताबा उरतो की नाही, असे विचारले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सचित्र मासिके आली तेव्हा या प्रश्नाला एक तिसरे, तडजोडीचे उत्तर मिळाले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये 'मनोरंजन' मासिक काढले आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक देऊन मराठीला एक नवी वाङ्मयीन रीत लावून दिली. अलाहाबादच्या इंडियन प्रेसमधून १९०० मध्ये 'सरस्वती' निघाले. आणि ज्या नवलकिशोर प्रेसने उर्दूच्या शिळाछापात कीर्ती मिळविली होती, त्याच प्रेसने १९२२ मध्ये लखनौहून 'माधुरी' हे हिंदी सचित्र मासिक काढले. दुलारेलाल भार्गव आणि रूपनारायण पांडेय हे त्याचे आरंभीचे संपादक. पुढे काही काळ प्रेमचंदांनीही ते सांभाळले. १९२७ मध्ये दुलारेलालांनी तेथूनच 'सुधा' काढले. ज्या शहरात कातिबांची परंपरा होती तेथे आता नागरीचे जुळारी बसू लागले.

या मासिकांच्या काळात पानाची एक मांडणी रूढ होत गेली. मजकूर खिळ्यांत आणि शीर्षक हाताने. कथेचे नाव, मासिकाचे मथळ्यावरचे नाव, सदराची पट्टी, विशेषांकाचे मुखपृष्ठ ही चित्रकाराने किंवा अक्षर रेखाटणाऱ्याने कागदावर काढायची, त्यांचा ठोकळा करायचा आणि तो खिळ्यांच्या चौकटीत बसवायचा. खिळ्याला जे जमत नव्हते ते येथे घडे. अक्षराची वेलांटी फुलाच्या देठासारखी वळे, उकार पुढच्या अक्षराखाली शिरे, शिरोरेषा कधी तुटे तर कधी चित्रातल्या क्षितिजाला जाऊन मिळे. भयकथेचे शीर्षक थरथरे आणि पौराणिक कथेचे शीर्षक पोथीचा बाणा घेई. ही केवळ सजावट होती असे म्हणणे अपुरे ठरेल. त्या मांडणीत एक न्यायनिवाडा होता. वाचकाला स्वस्त, स्पष्ट आणि वेळेवर मजकूर मिळण्याचा हक्क आहे, म्हणून मजकुराने यंत्राची शिस्त मानावी. पण लिपी ही यंत्राहून मोठी आहे याची आठवण पानावर कोठेतरी राहिली पाहिजे, म्हणून शीर्षकाने ती मानू नये. एकाच पानावर दोन्ही ऋणे फेडण्याची ही रीत होती.

तरीही तिच्यात एक उणीव होती. लेखकाचे नाव पानावर असे, संपादकाचे असे. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकार सही करी. पुढच्या काळातील दिवाळी अंकांत 'दलाल' किंवा 'मुळगावकर' ही सही पाहूनच वाचक अंक उचलीत. पण त्याच पानावरचे शीर्षक कोणी रेखाटले हे बहुधा कोठेच लिहिलेले नसे, आणि मजकूर जुळवणाऱ्याचे नाव लिहिण्याचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता. शिळाछापाच्या ग्रंथात शेवटी का होईना, कातिबाला जागा होती. आधुनिक मासिकाने ती काढून घेतली. वाचक आणि लिपी यांचा हिशेब चुकता करताना तिसऱ्या एका माणसाचे देणे तसेच राहून गेले. त्याच्याकडे आपण पुन्हा वळू.

त्याआधी सर्वांत अवघड भागाकडे जायला हवे. शीर्षक मोकळे सुटले तरी मजकुराची अडचण संपली नव्हती. खिळ्यांची संख्या फार, जुळणी मंद, छपाई महाग. टंकलेखनयंत्र आणि यांत्रिक जुळणी आल्यावर तर देवनागरीच्या मात्रा म्हणजे अडसर वाटू लागल्या. आणि या प्रांतात लिपीचा प्रश्न कधीच निव्वळ छपाईचा नव्हता. १९०० मध्ये वायव्य प्रांत आणि अवध यांच्या कचेऱ्यांत नागरीला मुभा देणारा हुकूम निघाला तेव्हापासून प्रत्येक रेषेमागे दोन समाजांचे हेवेदावे उभे होते. मग लिपीच सुधारावी, हा विचार पुढे आला. हिंदी साहित्य संमेलनाने १९३५ मध्ये काकासाहेब कालेलकर यांच्या अध्यक्षतेखाली नागरी लिपीच्या सुधारणेसाठी समिती नेमली. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना 'अ'ची बाराखडी मांडली. इ, ई, उ, ऊ, ए यांची स्वतंत्र चिन्हे काढून 'अ'लाच वेलांट्या, उकार आणि मात्रा लावायच्या, म्हणजे तेवढे खिळे वाचले. शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. त्यांच्या 'किर्लोस्कर' मासिकाने ही लिपी अंगीकारली, आणि मराठी वाचकांची एक पिढी ती सहजपणे वाचीतही होती.

लखनौ या वादाचे एक केंद्र झाले. १९४७ मध्ये तेथील सरकारने आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या समितीने 'अ'ची बाराखडी नाकारली. नंतर नोव्हेंबर १९५३ मध्ये लखनौत डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली लिपिसुधार परिषद भरली. अनेक राज्यांचे प्रतिनिधी जमले. तिच्या निर्णयांपैकी एक निर्णय विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे न काढता उजवीकडे काढावी, फक्त तिचा दांडा दीर्घापेक्षा आखूड ठेवावा, असे ठरले. तर्क निर्दोष होता. आपण 'कि' म्हणताना आधी क् उच्चारतो आणि मग इ. लिहिताना मात्र इ आधी येते. उच्चार, लेखन आणि यंत्र हे तिन्ही एका क्रमाने चालावे, इतकेच परिषदेला हवे होते. उत्तर प्रदेशात त्याप्रमाणे अंमलही सुरू झाला. परंतु लोकांच्या डोळ्यांनी ते मानले नाही. 'दिन' आणि 'दीन' यांतला भेद एका दांड्याच्या लांबीवर येऊन ठेपला. शाळेच्या पुस्तकात एक वेलांटी आणि घरच्या रामचरितमानसाच्या पोथीत दुसरी, असे दुहेरी जगणे मुलांच्या वाट्याला आले. १९५७ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला आणि वेलांटी पुन्हा डावीकडे गेली.

आज या प्रसंगाला हसणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. सुधारकांच्या बाजूचा युक्तिवाद त्याच्या पूर्ण बळानिशी ऐकला पाहिजे. ते म्हणत होते की देशात बहुसंख्य माणसे निरक्षर आहेत, पुस्तक महाग आहे, आणि एका वेलांटीच्या डौलासाठी आपण किती मुलांना पुस्तकाविना ठेवणार? यंत्र सुधारेल तेव्हा सुधारेल. आज सात वर्षांचे असलेले मूल तोवर सात वर्षांचेच राहणार नाही. या युक्तिवादात करुणा आहे. जिवंत माणसाची गरज मृत किंवा भावी परंपरेपेक्षा मोठी आहे, असे तो सांगतो. लिपीच्या शुद्धतेचे रक्षक बहुधा स्वतः साक्षर असतात. थांबण्याची किंमत त्यांच्या खिशातून जात नाही. लखनौच्या शिळाछापाबद्दल आपण जे पाहिले तेच येथेही लागू पडते. न वाकणाऱ्या लिपीचे ओझे नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी खांद्यावर असते.

मग तरीही वेलांटी परत डावीकडे गेली हे बरे झाले असे मला का वाटते? त्याचे कारण सवयीचा गोडवा नव्हे. सुधारकांनी दोन निराळ्या जातींच्या गोष्टी एकाच तराजूत घातल्या होत्या. यंत्राची असमर्थता ही काळाची गोष्ट असते. ती आज आहे आणि उद्या नसेल. लिपीचा त्याग मात्र पिढ्यांचा असतो. एका पिढीने जे अक्षर टाकले ते पुढच्या पिढीला वाचता येत नाही, आणि न वाचता आलेले हळूहळू परके होते. तात्पुरत्या अडचणीसाठी कायमचे मोल देणे हा सौदा करुणेपोटी केला तरी खोटाच असतो.

याचा पुरावा मराठी माणसाला दूर शोधायला नको. मोडी लिपी ही मराठीची धावती लिपी होती. हात न उचलता लिहिण्यासाठी घडलेली. राज्याचे हिशेब, तहनामे, खासगी पत्रे, गहाणखते यांचा व्यवहार तीत चालला. मोडीचा प्रवाही फरफटा खिळ्यांच्या छावणीत मावण्यासारखा नव्हता, आणि छापील पुस्तकाने बाळबोध स्वीकारली. एकदा छापील ते प्रमाण असे ठरल्यावर मोडी हस्ताक्षरापुरती उरली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतूनही गेली. पुण्याच्या पेशवे दप्तरात लक्षावधी मोडी कागद आहेत. ते ज्या भाषेत आहेत ती आपली मातृभाषा आहे; तरीही आज त्यांच्यासमोर बसलेला सुशिक्षित मराठी माणूस निरक्षर असतो. पणजोबांच्या हातचे पत्र घरात असावे आणि ते वाचून घेण्यासाठी जाणकार शोधावा लागावा, ही स्थिती कोणा दुष्टाने आणलेली नाही. ती सोयीने आणली. सोय कोणाची परवानगी विचारत नाही.

उलट बाजूचे उदाहरणही लखनौतच सापडते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये तेथे मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्तानी म्यूझिक स्थापन झाले. पुढे ती संस्था भातखंड्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. भातखंड्यांनी देवनागरीत जी स्वरलिपी योजिली तीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी अक्षराखाली आणि तार सप्तकासाठी अक्षरावर बिंदू, मींडेसाठी कमान अशी चिन्हे होती. छापखान्याच्या दृष्टीने पाहिले तर ही आपत्तीच. ज्या लिपीच्या मात्रा कमी कराव्यात म्हणून समित्या बसत होत्या, त्याच लिपीवर हा गृहस्थ नव्या मात्रा चढवीत होता. पण खिळा नाही म्हणून कोमल गंधार गाऊ नका, असे कोणी म्हणाले नाही. गाणे आधीपासून होते आणि छापखान्याने त्याच्याकडे जायचे होते. क्रमिक पुस्तके त्या चिन्हांसह छापली गेली. संगीताबाबत जी गोष्ट सर्वांना स्वयंसिद्ध वाटली ती लिपीबाबत वादग्रस्त का ठरली? बहुधा याचसाठी की आपण लिपीला भाषेचे वाहन मानतो, भाषेच्या देहाचा भाग मानीत नाही.

येथे आक्षेप येईल की लिपी कधीच स्थिर नव्हती. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत तिने किती रूपे घेतली! मग बदलालाच विरोध कशासाठी? आक्षेप खरा आहे. विरोध बदलाला नाही. बदल कोणाच्या संमतीने होतो याकडे माझा रोख आहे. हिंदीत अ, झ, ण यांची एक उत्तरेकडची रूपे होती आणि दुसरी मुंबईची. मुंबईच्या टाइपातली रूपे छापील पुस्तकांबरोबर उत्तरेत फिरली, वाचकांच्या ओळखीची झाली, आणि लखनौच्या परिषदेने त्यांनाच मान्यता दिली. मुंबईच्या कारागिराच्या कानशीतून उतरलेला अ आज वाराणसीचे मूल गिरवते आणि त्याला तो परका वाटत नाही. याच्या उलट दिशेने दांडीचा ल आणि गाठीचा श प्रमाणीकरणाबरोबर महाराष्ट्रात आले. पण मराठी हात पाकळीचा ल आणि देठाचा श लिहीतच राहिला, आणि अखेर ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्राने आपली जुनी वळणे पुन्हा प्रमाण मानली. पहिला बदल आधी वापरात रुजला आणि मग नियमात आला. दुसरा नियमात आधी आला, वापराने त्याला पुरते घरात घेतले नाही. लिपी ही अशी मालमत्ता आहे की जी घडविणारे बहुतेक मृत आहेत आणि वापरणारे बहुतेक अजून जन्मायचे आहेत. अशा मालमत्तेचे विश्वस्त होता येते, मालक होता येत नाही.

आज या वादाची तांत्रिक बाजू संपली आहे. १९८१ मध्ये पाकिस्तानात 'नूरी नस्तालीक' आले. हजारो शब्दखंड हाताने रेखून संगणकाला दिले गेले आणि जी लिपी कवायत मानीत नव्हती तिच्याकडे यंत्रच चालत आले. देवनागरीसाठी र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्यासारख्या सुलेखनकाराने संगणकाचे टंक रेखले. 'मंगल' हा त्यांचा टंक असंख्य पडद्यांवर पोचला. आता डावीकडची वेलांटी यंत्राला मुळीच जड नाही. आपण क आधी आणि इ मागाहून देतो. वेलांटी कोठे बसवायची ते यंत्र पाहते. १९५३ च्या परिषदेने लिपीकडून जे मागितले होते ते अखेर यंत्राने दिले. थांबणे योग्य ठरले असे म्हणण्याचा मोह येथे होईल. परंतु दरम्यानच्या काळात ज्यांना पुस्तक मिळाले नाही त्यांची आठवण ठेवूनच ते म्हटले पाहिजे.

आणि येथेच ते राहून गेलेले देणे समोर येते. यंत्राने अक्षर वाचविले, पण अक्षर घडविणारा हात मात्र रिकामा झाला. कातिबांची पेढी उठली, जुळाऱ्यांचे खण भंगारात गेले, ठोकळे करणारे दुसऱ्या धंद्याला लागले. मराठीत कमल शेडगे (मृत्यू २०२०) यांच्यासारख्या अक्षररेखाटनकाराने नाटकांच्या आणि नियतकालिकांच्या नावांना स्वतंत्र चेहरा दिला आणि लोक त्यांचे अक्षर सहीवाचून ओळखू लागले. पण ते अपवाद होत. त्यांच्याआधीचे बहुतेक हात निनावी गेले. त्यांना रोजंदारी मिळाली, कदाचित पुरेशीही मिळाली असेल. पण रोजंदारीने श्रमाचे मोल फिटते, कर्तृत्वाचे नाही. वाकायचे कोणी, यावर आपण शतकभर वाद घातला आणि त्या वादात अक्षर व यंत्र हे दोनच पक्ष धरले. तिसरा पक्ष सारा वेळ उलटे अक्षर कोरीत खाली मान घालून बसलेला होता. कोणत्याही निकालात वाकला तो तोच.

म्हणून मूळ प्रश्नाला माझे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. यंत्र आणि अक्षर यांच्यात सामान्यतः यंत्राने वाकावे, कारण त्याचे ताठपण अल्पायुषी असते. मात्र यंत्र तयार होईपर्यंत वाचकाला उपाशी ठेवण्याचा अधिकार अक्षराच्या रक्षकांना नाही, आणि म्हणून मधल्या काळासाठी तडजोडी शोधणे हे त्यांचेच कर्तव्य ठरते. जुन्या मासिकांच्या पानाने ती शोधली होती. दुसरा भाग असा की अशा प्रत्येक तडजोडीत ज्याचा हात खर्ची पडतो त्याचे नाव लिहून ठेवावे. ग्रंथालयांतून 'मनोरंजन', 'किर्लोस्कर' किंवा 'माधुरी' यांचे बांधीव खंड आजही अभ्यासकांच्या हाती येतात. त्यांच्या सूची केल्या जातात त्या लेखकवार आणि विषयवार, क्वचित चित्रकारवार. शीर्षकांच्या वळणांवरून हात ओळखून, छापखान्यांच्या नोंदी पडताळून अक्षरकारांची सूची करण्याचे काम अद्याप व्हायचे आहे. पिवळ्या पडलेल्या कागदाचे आयुष्य पाहता ते फार काळ लांबणीवर टाकता येणार नाही.